बांनी जपून ठेवलेली साडी

नवऱ्याने आयुष्यभरात आपल्याला काय काय दिले, याचा हिशेब आपल्याकडच्या बायका मनातल्या मनात ठेवतात. तो वहीत कुठे लिहिलेला नसतो, पण विचारला तर सालवार सांगता येतो. अमक्या दिवाळीला इरकली, थोरल्याच्या बारशाला पाटल्या, आणि पुढे घराच्या हप्त्यांपायी मोडलेल्या त्याच पाटल्या. कस्तुरबा गांधींच्या आयुष्याचा असा हिशेब मांडायला बसले की एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. साठाहून अधिक वर्षांचा संसार, नवरा जगप्रसिद्ध, आणि जमेच्या बाजूला जवळजवळ काही नाही. जे आले ते गेले. बरेचसे तर नवऱ्यानेच काढून घेऊन लोकांना देऊन टाकले. अखेरपर्यंत बांनी आपली म्हणून जपली ती एक साडी. ती नवऱ्याने स्वतःच्या हाताने कातलेल्या सुताची होती.

११ एप्रिल १८६९ ही कस्तुरबांची जन्मतारीख मानतात. म्हणजे त्या पतीपेक्षा काही महिन्यांनी थोरल्या. पोरबंदरचे व्यापारी गोकुळदास माकनजी कपाडिया यांची ही मुलगी. लग्न झाले तेव्हा वधूवर दोघेही तेराच्या घरात. बालवयातल्या या नवऱ्याने बायकोवर हुकमत गाजवायचा प्रयत्न कसा केला, तिच्या येण्याजाण्यावर पहारा कसा ठेवला आणि तिने तो कसा जुमानला नाही, हे गांधीजींनीच आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. कस्तुरबा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पदर घेतलेली, मान खाली घातलेली एक म्हातारी उभी राहते. मला हे चित्र कधीच पटले नाही. ही बाई भांडत असे, आणि मुद्द्याचे भांडत असे.

दागिन्यांचीच गोष्ट घ्या. १८८८ साली मोहनदासांना बॅरिस्टर व्हायला विलायतेला जायचे होते आणि पैसे नव्हते. बायकोचे दागिने मोडले तर दोनतीन हजार रुपये येतील, असा विचार त्यांनी बोलून दाखवला. थोरल्या भावाने पैशांची तजवीज करायचे कबूल केले म्हणून ते टळले. त्याच साली हरिलालचा जन्म झाला होता. एकोणीस वर्षांची मुलगी तान्हे बाळ घेऊन सासरी राहिली.

मग दक्षिण आफ्रिका. १८९६च्या अखेरीस बोटीवर चढताना कुटुंबाचा वेश काय असावा, हेही बॅरिस्टरसाहेबांनीच ठरवले. त्या काळी सुधारलेले लोक म्हणजे पारशी, म्हणून बायकोला पारशी पद्धतीची साडी, मुलांना पारशी कोट, आणि सर्वांना बूटमोजे. पायमोज्यांना घामाचा वास येई, पाय चावत, पण इलाज नव्हता. पुढे हा सुधारणेचा सोस त्यांनी स्वतःच सोडला. आज काय नेसायचे हे नवऱ्याने ठरवायचे, आणि उद्या ते का टाकायचे हेही त्यानेच, याला आयुष्यभर तोंड देणारी ही बाई होती.

१९०१ साली आफ्रिकेतून परतताना तिथल्या हिंदी लोकांनी गांधीजींवर भेटींचा वर्षाव केला. सोन्याचांदीच्या वस्तू, हिरे, आणि खास कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार. गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. सेवेचे मोल घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि ट्रस्टचा मसुदाही तयार केला. पण बायकोला सांगायचे कसे? वकिली डोक्याने त्यांनी आधी मुलांना पटवले आणि मग त्यांना पुढे करून आईपुढे गेले. बा अडून बसल्या. मला नकोत, पण उद्या सुना येतील त्यांना लागतील. मुलांना तुम्ही आतापासूनच साधू करायला निघालात. आणि तो हार तर मला मिळालेला आहे, त्यावर तुमचा काय हक्क? माझ्या सेवेमुळे मिळाला ना, या नवऱ्याच्या प्रश्नावर त्यांनी जे बिनतोड उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा, की रात्रंदिवस तुमच्यासाठी आणि तुमच्या माणसांसाठी मी राबले, ती सेवा नव्हती काय? आत्मकथेतला हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे. दर वेळी वाटते, युक्तिवादात बा जिंकल्या आहेत. पण हार गेला. तो बँकेत ठेवला गेला आणि लोकांच्या कामी आला. गांधीजींच्या म्हणण्याप्रमाणे पुढे बांनाही तो निर्णय पटला. पटला असेलही. पण आपल्याकडे ही नोंद आहे ती नवऱ्याच्या वहीतली, हे विसरू नये.

आफ्रिकेत चार मुलांचा संसार झाला. हरिलाल, मणिलाल, रामदास, देवदास. १९१३च्या मार्चमध्ये तिथल्या न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्ने कायद्याने ग्राह्य नाहीत, असा निकाल दिला. तीस वर्षांचा संसार एका कागदाने खोटा ठरला. त्या सप्टेंबरात बा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. सुटल्या तेव्हा हाडांचा सापळा उरला होता.

१९१५ साली हे कुटुंब मायदेशी परतले, अहमदाबादला आधी कोचरबला आणि १९१७पासून साबरमतीच्या काठी आश्रम झाला. त्याच साली चंपारणमध्ये बांनी जे पाहिले ते इथे सांगायलाच हवे. नीळकऱ्यांचा लढा चालू असताना गांधीजींनी खेड्यांतून शाळा काढल्या. भितिहरवाजवळच्या एका लहानशा खेड्यात बायकांची लुगडी फार मळकी दिसली. धूत का नाहीत हे विचारायला त्यांनी बांना सांगितले. एका बाईने बांना आपल्या झोपडीत नेले आणि चारी कोपरे दाखवले. पेटी नाही, कपाट नाही, वळणीवर काही नाही. अंगावर होते तेवढेच एक लुगडे. ते धुवायचे तर तोवर नेसायचे काय? महात्माजींना सांगून दुसरे एक आणून द्या, मग रोज आंघोळ करते, असे तिचे म्हणणे होते. स्वच्छतेचा धडा द्यायला गेलेल्या बा हे उत्तर घेऊन परत आल्या.

चरख्याचे वेड यानंतरचे. गंमत अशी, की ‘हिंद स्वराज्य’मध्ये हातमागाची महती लिहिली तेव्हा गांधीजींनी चरखा किंवा माग पाहिल्याचे त्यांना स्वतःलाच आठवत नव्हते. गिरणीच्या स्वस्त सुतामुळे घरोघरचे चरखे माळ्यावर गेले होते किंवा चुलीत. आश्रमात आधी माग आले, पण सूत गिरणीचेच. चरखा शोधून काढला तो गंगाबेन मजमुदार या जिद्दीच्या विधवा बाईंनी, बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी. तिथे पुष्कळ घरांत तो अडगळीत पडला होता. कोणी पेळू पुरवले आणि सूत विकत घेतले तर कातायला बायका तयार होत्या. आश्रमात विणलेली पहिली खादी पडली वाराला सतरा आणे. जाडीभरडी, पन्ह्याला अपुरी. पंचेचाळीस इंची पन्ह्याचे धोतर महिन्याभरात मिळाले नाही तर आखूड पंचा नेसून राहीन, असे गांधीजींनी गंगाबेनना कळवले, आणि बाईंनी महिना भरायच्या आत धोतरजोडी पाठवून दिली. मुंबईत मणिभवनात गांधीजी आजारी असताना चरखा चालवायला शिकल्या त्यांत आपल्या अवंतिकाबाई गोखले होत्या. चंपारणच्या शाळेतही त्या होत्या, आणि १९१८ साली मराठीत गांधीचरित्र त्यांनीच लिहिले. पुढे स्वतः कातलेल्या सुताचे धोतर त्या गांधीजींना वाढदिवसाची भेट म्हणून देत. गांधीजींचा तिथीने येणारा वाढदिवस, भाद्रपद वद्य द्वादशी, गुजरातेत ‘रेंटिया बारस’ झाला. रेंटिया म्हणजे चरखा.

ज्यांनी शाळेत सूतकताईच्या तासाला टकळी फिरवली आहे त्यांना हे काम किती चिवट आहे ते सांगायला नको. आमच्या वर्गात तर तासाअखेर सुतापेक्षा तुटलेल्या पेळूंचाच ढीग मोठा असे. चरख्यावर उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्या हातातला पेळू चातीपासून हळूहळू मागे ओढायचा. ओढ जास्त झाली की तार तुटते, कमी झाली की गाठाळ येते. पीळ पुरेसा बसला की हात उलटा नेऊन सूत चातीवर गुंडाळायचे, आणि पुन्हा तेच. एक तार म्हणजे चार फूट. आश्रमाचा नेम दिवसाला निदान १६० तारांचा.

नोकरीत आयुष्य आकडेमोडीत गेल्यामुळे मला राहवत नाही. साधी पाच वारी साडी धरा, पन्हा पंचेचाळीस इंच, इंचाला चाळीस धागे उभे आणि चाळीस आडवे. उभ्या धाग्यांना नऊ हजार वार सूत, आडव्यांना तेवढेच. एकूण अठरा हजार वार, वाया जाईल ते वेगळे. १६० तारा म्हणजे दोनशे तेरा वार. म्हणजे एक दिवसही खाडा न करता रोज कातले, तर एका साडीचे सूत व्हायला पावणेतीन महिने. आमच्या बँकेत दुपारच्या सुट्टीत डबा संपवून नातवंडांसाठी लोकरीची झबली-टोपडी विणणाऱ्या मैत्रिणी होत्या. दुकानात याहून सुबक मिळतात, हे त्यांना ठाऊक होते. तरी सुया चालत.

बा चरखा शिकल्या आणि शेवटपर्यंत कातीत राहिल्या. स्वयंपाकघर, आल्यागेल्याचे जेवण, आजाऱ्यांची शुश्रूषा, नातवंडे आणि आश्रमातली दुसऱ्यांची मुले, या रगाड्यात मिळेल त्या वेळात चरखा. कातण्याचे एक बरे असते, ते कधीही खाली ठेवता येते आणि कधीही पुन्हा उचलता येते. घरातल्या बाईला परवडेल असे कष्ट ते हेच. १९२१ साली देशात वीस लाख चरखे सुरू करायचा काँग्रेसने संकल्प सोडला. ३१ जुलैला परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली. मार्च १९२२मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्याला गेले. तेव्हा बांनी देशाला उद्देशून निवेदन काढले. त्यात त्यांनी शिक्षेबद्दल रडगाणे गाइले नाही. परदेशी कापड सोडा, बायकांनी कातणे हे कर्तव्य माना, व्यापाऱ्यांनी परदेशी मालाचा धंदा बंद करा, एवढेच मागितले. १९२४च्या बेळगाव अधिवेशनात तर काँग्रेसचे सभासदत्वच महिन्याला दोन हजार वार सुतावर आले.

आता चार रुपयांची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय त्या साडीचे मोल कळणार नाही. एप्रिल १९२९मध्ये गांधीजींनी ‘नवजीवन’मध्ये आश्रमातले दोष जाहीर करणारा लेख लिहिला. त्यात एका नातलगाच्या अफरातफरीबरोबर बांचाही ‘गुन्हा’ होता. वेगवेगळ्या प्रसंगी लोकांनी भेट दिलेले शेदोनशे रुपये बांनी जवळ ठेवले होते. आश्रमाच्या नियमाने खाजगी पैसा कोणी ठेवायचा नव्हता. आश्रमात चोर शिरल्यामुळे ते उघडकीला आले, बांनी पश्चात्ताप व्यक्त केला, आणि त्यानंतर पुन्हा कोणी दिलेले चार रुपये त्यांनी कचेरीत जमा केले नाहीत. ते चार रुपये नवऱ्याने साऱ्या देशासमोर मांडले. साठीला टेकलेली बायको! मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. एका पैशाचा फरक लागला नाही म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेली आहे. हिशेब चोख असावा हे मला कोणी सांगायला नको. तरीही वाटते, त्या चार रुपयांचा कुणा नातवाला खाऊ आला असता, एखाद्या सुनेला बांगड्या भरता आल्या असत्या. घरातल्या बाईच्या डब्यातले पैसे ही चोरी नसते. गांधीजींच्या सत्याच्या तराजूत या डब्याला जागा नव्हती, आणि तिथे ते मला कठोर वाटतात.

मुलांच्या बाबतीतही तेच. थोरला हरिलाल बापावर रागावून दूर गेला, व्यसनात बुडाला. एकदा कटनी स्टेशनवर गाडी थांबली असताना फाटक्या कपड्यांतला हरिलाल गर्दीतून डब्याशी आला. खिशातून एक संत्रे काढून त्याने आईला दिले. ते फक्त बांसाठी आहे, बापूंसाठी नाही, हेही बजावून सांगितले. गाडी हलल्यावर बांच्या लक्षात आले, की आपल्यापाशी फळे होती आणि भुकेल्या पोराच्या हातावर आपण काहीच ठेवले नाही.

१९३६पासून मुक्काम वर्ध्याजवळ सेवाग्रामला. गांधीजींच्या पहिल्या झोपडीत माणसांची एवढी दाटी, की बांना लुगडे बदलायला आडोसा मिळेना. जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी लहानशी कुटी बांधून दिली. आजही ती ‘बा-कुटी’ पाहायला मिळते.

गांधीयुगात हातसुताच्या भेटी पुष्कळ झाल्या. २६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादला इंदिरा नेहरूंचे लग्न झाले तेव्हा त्यांची गुलाबी साडी वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. १९४७च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नाला गांधीजींनी आपल्या सुताचा, एका पंजाबी मुलीने विणलेला जाळीदार रुमाल पाठवला. राजघराण्यातल्या आजीबाईंना तो महात्म्याचा पंचाच वाटला आणि त्या चिडल्या! या दोन्ही वस्तू जगाने पाहिल्या. बांची साडी मात्र सामानात घडी घालून ठेवलेली होती.

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्या जागी बोलायला बा निघाल्या आणि त्यांनाही पकडले. दोन दिवसांनी त्यांना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये आणले. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तिथेच अचानक गेले. बांचे मन तिथून खचले. रोज त्या महादेवभाईंच्या समाधीशी जात. तुळस, एकादशी, कॅरमचा डाव आणि चरखा, असे दिवस चालले होते.

त्या दिवसांतली एक हकिगत सुशीला नय्यर यांनी लिहून ठेवली आहे. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर बा पुन्हा लिहायला शिकत होत्या, मास्तर अर्थात नवराच. त्यांनी एक वही मागितली. गांधीजी म्हणाले, आधी अक्षर सुधारू दे, तोवर सुट्या कागदांवर लिही. बांना ते लागले. त्यांनी कागद बाजूला ठेवले. पुढे वही पुढे केली तरी त्यांनी घेतली नाही. पावणेतीन महिने रोज बसून सूत कातू शकणाऱ्या माणसाला एक वही देण्याचे सुचू नये, हा संसार असा होता.

१९४३च्या अखेरीस हृदयाचे दुखणे वाढले, मग न्यूमोनिया. देवदासांनी कलकत्त्याहून पेनिसिलिन मिळवले, तेव्हा ते दुर्मीळ होते. पण दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. हरिलाल येऊन गेला. एकदा प्यालेल्या अवस्थेत आला तेव्हा बांनी कपाळ बडवून घेतले. शुश्रूषा करणाऱ्या मुलींना बांनी आधीच सांगून ठेवले होते, की शेवटी नेसवायची ती बापूंच्या सुताची साडी. साऱ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी हक्काने राखून ठेवलेली वस्तू ती हीच. हार लोकांसाठी गेला, रुपये आश्रमाच्या खात्यात गेले. साडीवर कोणी हक्क सांगितला नाही.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पतीच्या मांडीवर डोके ठेवून बा गेल्या. त्यांना आंघोळ घातली आणि ती साडी नेसवली. सरकारने सार्वजनिक अंत्ययात्रेला परवानगी दिली नाही. दुसऱ्या दिवशी पॅलेसच्या आवारातच, महादेवभाईंच्या शेजारी, शेदीडशे आप्तेष्टांसमोर देवदासांनी अग्नी दिला. चितेला चंदन वापरले गेले. आदल्या वर्षी फेब्रुवारीत गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले होते, तेव्हा ते वाचणार नाहीत असे धरून सरकारने ते आणून ठेवले होते, असे सांगतात.

ऊन चढले तरी गांधीजी उठले नाहीत. आत जाऊन विसावा घ्या म्हणून लोकांनी विनवले, पण ते दुपार कलेपर्यंत झाडाखाली बसून राहिले. पुढे अस्थी गोळा करताना राखेत पाच काचेच्या बांगड्या सापडल्या. एकही तडकली नव्हती.